शूटआउटला बेंचवरच्या मुलांनाही किक मिळायला हवी की नको?

लालबागकर
गेल्या रविवारी परळच्या एका मैदानावर १३ वर्षांखालच्या मुलांच्या फुटबॉल स्पर्धेची क्वार्टर फायनल होती. नऊ-नऊ खेळाडू, वीस-वीस मिनिटांचे दोन हाफ आणि रोलिंग सब, म्हणजे बाहेर आलेला मुलगा कितीही वेळा परत आत जाऊ शकतो. १-१ चालू होतं. दोन मिनिटं उरली असताना सरांनी माझ्या मुलाला पाणी प्यायला बाहेर बोलावलं आणि दुसऱ्याला आत पाठवलं. त्यानंतर खेळ थांबलाच नाही, थेट सामना संपल्याची शिट्टी वाजली. बरोबरी, म्हणून शूटआउट, म्हणजे दोन्हीकडून आळीपाळीने पेनल्टी किक मारून निकाल.

रेफ्री म्हणाले, शिट्टीच्या वेळी जे मैदानात होते तेच किक मारणार. झालं. ३८ मिनिटं खेळलेला माझा मुलगा बाहेर, आणि दोन मिनिटांसाठी गेलेल्या पोराच्या गळ्यात किक.

त्यातच समोरच्यांचा एक मुलगा लंगडत होता. त्याला जमणार नाही म्हटल्यावर ते आठ उरले, म्हणून आमचाही एक कमी करायला लावला. सरांनी सगळ्यात लहान चणीच्या मुलाला दंडाला धरून बाजूला केलं. बाकीचे मधल्या वर्तुळात एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे, आणि हा टचलाइनजवळ एकटा, मोजे घोट्यापर्यंत उतरलेले, शर्टाची कॉलर दातात धरून.

माझं म्हणणं सरळ आहे. जिथे दर दोन मिनिटांनी मुलं आत-बाहेर करतात, तिथे शिट्टीच्या क्षणी कोण आत होतं हा निव्वळ योगायोग. टीमशीटवरच्या, म्हणजे टीमच्या यादीतल्या, सगळ्या मुलांना पात्र धरा.

शिट्टी_२२
सहमत नाही. मी शालेय सामन्यांना रेफ्री असतो. तुमच्या रेफ्रींनी नियम क्रमांक १० बरोबर लावला. सामना संपताना मैदानावर असलेले, किंवा दुखापत, बुटाची नाडी अशा कारणाने तेवढ्यापुरते बाहेर गेलेले, एवढेच पात्र. गुडघ्याला पट्टी बांधायला बाहेर बसलेला मुलगा चालतो, पण त्याच्या जागी कोणी आत गेलं की तो गेला. तुमच्या मुलाच्या जागी गेलं होतं.

आता सगळ्यांना पात्र धरू. तुमचे चौदा, समोरचे दहाच आलेत, कारण चौघांची परीक्षा आहे. संख्या समान करायची तर तुम्हाला चार मुलं काढावी लागतील. एकाचं वाईट वाटलं ना? चौघांचं काय करणार?

लालबागकर
पण समान करायचीच कशाला? दोन्हीकडून पाच-पाच किका तर होतातच.

शिट्टी_२२
पाचांत निकाल लागला नाही तर एकेक किक चालू राहते, आणि सगळ्यांची एकदा झाल्याशिवाय कोणालाच दुसरी मिळत नाही. ते आठ आणि तुम्ही नऊ असतात, तर नवव्या फेरीत त्यांचा सगळ्यात पक्का मुलगा परत आला असता आणि तुमच्याकडून नवव्या नंबरचा गेला असता. म्हणजे माणूस कमी असणाऱ्याचाच फायदा. ही पळवाट २००० साली बंद झाली. शूटआउट चालू असताना कोणी कमी झाला तरी समोरच्यांनीही कमी करायचं, हे २०१६ पासून आलं. आणि तो लहान मुलगा पूर्ण बाद झाला नव्हता. तुमचा गोलकीपर जखमी झाला असता तर त्याच्या जागी त्याला उतरवता आलं असतं.

बोरिवलीची आई
नियम कळला दादा, पण तो अकरा जणांच्या मोठ्या फुटबॉलसाठी लिहिलाय. लहान मुलांसाठी वेळ, मैदान, खेळाडूंची संख्या बदलायची मुभा आहेच, रोलिंग सबही त्याच मुभेतून आले. मग शूटआउटलाच मोठ्यांचा नियम जसाच्या तसा का? आमची मुलं पहाटे साडेपाचची लोकल पकडून येतात. विरारहून येणारी तर त्याच्याही आधी उठतात. आणि शेवटच्या मिनिटाला कच्च्या मुलाला बाहेर ओढून पेनल्टी मारणारा आत घालतात, हे मी दर स्पर्धेत बघते.

कोच_अंधेरी
ताई, यात चूक कोचची आहे, नियमाची नाही. घड्याळ बघणं हे आमचं काम. १-१ असताना दोन मिनिटांवर कोणाला बाहेर घेतोय याचा विचार त्या सरांनी करायला हवा होता.

शूटआउटसाठी खास बदली मोठेही करतात. २०१४ च्या वर्ल्ड कपमध्ये नेदरलँड्सने कोस्टारिकाविरुद्ध अगदी शेवटी गोलकीपर बदलून टिम क्रुलला आणलं आणि त्याने दोन किका अडवल्या. २०२१ मध्ये युरोच्या फायनलला इंग्लंडने रॅशफोर्ड आणि सँचोला शेवटच्या क्षणी उतरवलं, दोघांचीही किक हुकली. अंग गरम नाही, चेंडूला पाय लागलेला नाही, आणि थेट बारा यार्डांवर उभं करायचं. बारा वर्षांच्या पोराला मी असं कधीच करणार नाही. म्हणून सगळ्यांना पात्र धरायलाही माझा विरोध आहे. तासभर बेंचवर बसलेल्या मुलाला उठवून किक मारायला लावू नका.

लालबागकर
सर, तुम्ही नाही करणार, पण नियमामुळे बाकीच्यांना तेच करावंसं वाटतं. समोरच्या कोचने शेवटच्या थ्रो-इनला एकदम तिघं बदलले. ज्याची किक कच्ची त्याला शूटआउटचा अनुभव मिळणारच नाही, कारण दर वेळी तोच आधी बाहेर काढला जाणार.

कोच_अंधेरी
हा मुद्दा मान्य. याला माझ्याकडे उत्तर नाही.

शिट्टी_२२
मग स्पर्धेच्या नियमावलीत लिहून घ्या, शेवटची तीन मिनिटं बदली फक्त दुखापतीसाठी.

बोरिवलीची आई
मे महिन्यातल्या दुपारी तीन मिनिटं धापा टाकणाऱ्या मुलाला आतच ठेवायचं? नको. त्यापेक्षा तीन मिनिटं उरली की रेफ्रींनी दोन्ही बेंचना मोठ्याने सांगावं, बरोबरी राहिली तर शूटआउट आहे, आत असतील तेच मारणार. आणि संख्या समान करायला कोणाला काढायचं ते चिठ्ठी टाकून ठरवा. कोचने बोट दाखवायला नको.

कोच_अंधेरी
आधी सांगायला हरकत नाही. चिठ्ठीला माझा ठाम नकार. नाव आणि नंबर रेफ्रींना टीमने कळवायचा असतो, तो मीच कळवणार. पण आधी त्या मुलासमोर गुडघ्यावर बसून त्याला कारण सांगणार. चिठ्ठीमागे मी लपणार नाही.

लालबागकर
तुम्ही सांगाल हो सर. आमच्याकडे कोणी सांगितलं नाही. तो मुलगा परतताना आमच्याबरोबरच होता. करी रोडच्या पुलावर त्याने मला विचारलं, "काका, मी काय चुकलो?" मी म्हटलं, काही नाही चुकलास, नियम आहे. त्याने मान हलवली, पण पटलेलं नव्हतं. सगळ्यांना पात्र धरा हा माझा हट्ट मी सोडतो, चौघांना काढायचं गणित डोक्यात बसलं. पण आयोजकांना पत्र देतोय, तीन मिनिटं आधी सूचना आणि काढलेल्या मुलाला मधल्या वर्तुळात टीमबरोबर उभं राहू द्या.

शिट्टी_२२
वर्तुळात फक्त पात्र मुलंच थांबतात, ते मला बदलता येणार नाही. सूचनेचं मात्र पत्राची वाट न बघता करता येईल. येत्या रविवारी माझ्याकडे दोन मॅच आहेत, दोन्हीकडे बेंचजवळ जाऊन सांगतो.