चोपडा-यावल रस्त्यावर पेट्रोल पंप टाकावा का? कमिशनमध्ये खरंच काय उरतं?

केळीवाला_चोपडा

नमस्कार मंडळी. अडावदच्या अलीकडे अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्याला लागून आमचं पावणेतीन एकर रान आहे. सध्या त्यात केळी उभी आहे. पंपासाठी अर्ज केला होता, सोडतीत नंबर लागला, आता कंपनीचं पत्रही आलंय. टाक्या आणि मशिनं कंपनी देणार. भराव, काँक्रीट, शेड, ऑफिस, जनरेटर आणि पहिला माल आमचा. बँक ८० लाख द्यायला तयार आहे, दहा टक्क्यांनी, दहा वर्षांसाठी. सर्व्हेला आलेले साहेब म्हणाले की महिन्याला ५५ हजार लिटर सहज जाईल, त्यातलं पेट्रोल १५ हजार आणि बाकी डिझेल. केळीच्या गाड्या आणि ट्रॅक्टर भरपूर आहेत, हे खरं.

वडील म्हणतात चालू बाग मोडू नको. काका म्हणतात अशी संधी परत येणार नाही. पेट्रोल १०४ च्या पुढे, डिझेल ९१ च्या आसपास, त्यातलं पंपवाल्याच्या हातात किती राहतं? भाव सरकार ठरवतं की कंपनी, हेही एकदा नीट समजून घ्यायचंय. स्वतः पंप चालवणाऱ्यांनीच सांगा.

पारोळ्याचा_पंपवाला

भाऊ, आधी तुमचाच आकडा घेऊ. डीलरला पेट्रोलवर लिटरमागे साधारण ४ रुपये ४० पैसे आणि डिझेलवर ३ रुपयांच्या जरा वर मिळतात. १५ हजार लिटर पेट्रोलचे ६६ हजार, ४० हजार लिटर डिझेलचे १ लाख २० हजार. एकूण १ लाख ८६ हजार. दोन पाळ्यांत पाच पोरं आणि एक मॅनेजर ठेवलात तर ८५ हजार पगारात गेले. वीज आणि जनरेटर मिळून २० हजार धरा. ८० लाखांचा हप्ता लाखाच्या वर, साधारण १ लाख ५ हजार येतो. म्हणजे घट, उधारी, विमा आणि दुरुस्ती मोजण्याआधीच महिन्याला चोवीसेक हजार खिशातून. साहेबांचा आकडा खोटा आहे असं मी म्हणत नाही. तो खरा धरला तरी हे असं आहे.

आता भावाचं. कागदावर पेट्रोल जून २०१० मध्ये आणि डिझेल ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारी बंधनातून मोकळं झालं. १६ जून २०१७ पासून रोज सकाळी सहाला नवा भाव लागू लागला. पण ६ एप्रिल २०२२ नंतर तो रोजचा बदल जवळजवळ थांबला. पुढे जे मोठे बदल झाले ते बहुतेक कर कमी झाला म्हणून, नाहीतर मार्च २०२४ मध्ये दोन रुपये उतरले तसे, निवडणुकीच्या तोंडावर. पंपवाल्याला या कशातच आवाज नाही. खरेदीचा भाव, विक्रीचा भाव आणि मधलं कमिशन, तिन्ही वरून ठरून येतात. किराणावाला खर्च वाढला की चार आणे चढवतो, आपल्याला तेवढीही मुभा नाही.

आणि कमिशन कधी वाढलं? ऑगस्ट २०१७ मध्ये, त्यानंतर थेट ऑक्टोबर २०२४ मध्ये: पेट्रोलला सरासरी ६५ पैसे, डिझेलला ४४ पैसे. मधली सात वर्षं पोरांचे पगार, विजेचा दर, सगळं वाढत होतं. ३१ मे २०२२ ला अनेक राज्यांतल्या डीलरांनी एक दिवस खरेदी बंद ठेवली होती, त्यात मीही होतो. मागणी कमिशनचीच होती.

भाव उतरला की काय होतं तेही समजून घ्या. २०२१ ची दिवाळी. ३ नोव्हेंबरच्या संध्याकाळी बातमी आली की उत्पादन शुल्क पेट्रोलवर ५ आणि डिझेलवर १० रुपयांनी कमी. दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन. सुट्टीत गाडी मिळणार नाही म्हणून सगळ्यांनी टाक्या भरून ठेवल्या होत्या. माझ्याकडे १८ हजार लिटर डिझेल होतं, सगळं जुन्या शुल्काने घेतलेलं. सकाळी सहाला नवा भाव लागला आणि एकट्या डिझेलवर १ लाख ८० हजार गेले. तो फरक परत मिळाला नाही. ग्राहकाला स्वस्त मिळालं याचा आनंदच आहे, पण जो कर आपण कंपनीकडे आधीच भरून बसलो तो नवा दर लागताना आपल्याच अंगावर का पडावा, हा प्रश्न मी आजही विचारतो. २२ मे २०२२ ला पुन्हा तेच, पेट्रोल ८ आणि डिझेल ६ रुपये.

उन्हाळ्याची घट वेगळीच. आमचा माल मनमाडजवळच्या पानेवाडीहून येतो. मे महिन्यात टँकरमधलं पेट्रोल तापलेलं असतं, जमिनीखालच्या टाकीत निवतं आणि आकसतं. पाच अंश उतरलं तर १२ हजार लिटरमागे सत्तरेक लिटर कमी भरतं. थंडीत थोडं उलटं होतं, पण खान्देशात थंडीचे महिने किती? शिवाय आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. पावसाळ्यात टाकीत पाणी झिरपलं तर इथेनॉल पाण्याला धरून तळाशी बसतं आणि तो माल विकता येत नाही. टाकीची झाकणं, पाणी लागलं की रंग बदलणारी पेस्ट, टाकीतला माल मोजायची डिप रॉड, हे रोज स्वतः बघावं लागतं.

नवापूरकर

आमच्याकडचा अनुभव सांगतो. महाराष्ट्रात पेट्रोलवर २५ टक्के व्हॅट आणि वर लिटरला ५ रुपये १२ पैसे. गुजरातेत १३.७ टक्के आणि ४ टक्के सेस. त्यामुळे दहा रुपयांच्या आसपास फरक पडतो. आमचा मोटारसायकलवाला सरळ उच्छलला जाऊन टाकी फुल करून येतो. डिझेलमध्ये फरक थोडा, म्हणून ट्रकवाले टिकले. सीमेलगतच्या पंपांचं पेट्रोल जवळजवळ बसलंच आहे. कमिशन सगळीकडे सारखं, पण व्हॅट ज्या त्या राज्याचा, याचा भार आम्ही सोसतो.

शिरपूर_महामार्ग

आमच्या बाजूला याच्या उलट. मध्य प्रदेशात पेट्रोल आपल्याहूनही महाग, म्हणून पळासनेरकडच्या पंपांवर सेंधव्याची गाडी थांबते. जागा कुठे आहे यावर सगळं. पारोळेकर, एक विचारतो, राग मानू नका. भाव उतरताना तोटा होतो तसा चढताना फायदाही होतोच ना? २२ मार्च २०२२ पासून पंधरा दिवसांत लिटरला दहा रुपये वाढले होते.

पारोळ्याचा_पंपवाला

राग कसला, बरोबर विचारलंत. टाकीत होतं त्यावर मिळाले, नाकारत नाही. पण पुढचा १२ हजार लिटरचा टँकर १ लाख २० हजारांनी महाग झाला आणि पैसे आधी भरल्याशिवाय गाडी निघत नाही. वाढीचा पैसा पुढच्या मालात जाऊन बसतो, घरी नेता येत नाही. उतरताना तोच पैसा निघून जातो. डिझेलच्या एका टँकरमागे अकरा लाख अडकतात आणि निदान दोन टँकरचं भांडवल फिरतं ठेवावं लागतं, हे चोपड्याच्या भाऊंनी ध्यानात घ्यावं.

आणि उधारी! लिहायचं राहिलं. केळीची गाडी असो की ट्रॅक्टर, तुमच्या भागात उधारीशिवाय डिझेल जाणार नाही. ९१ रुपयांचं डिझेल महिनाभर उधार दिलं तर बारा टक्क्यांनी ९१ पैसे व्याज. कमिशन ३ रुपये. तीन महिन्यांत कमिशनातलं जवळपास सगळं गेलं. पेरणीला नेलेल्या डिझेलचे पैसे कापूस विकल्यावर म्हणजे दिवाळीनंतर येतात. एवढं डिझेल विकलं म्हणून आकडा मोठा दिसतो, पण त्यावर कमाई शून्याच्याही खाली असते.

केळीवाला_चोपडा

सगळ्यांचे मनापासून आभार. घरात हिशोब मोठ्याने वाचून दाखवला. वडील काही बोलले नाहीत, काकाही नाहीत. आता विचारतो, किती लिटर असेल तर जमेल?

पारोळ्याचा_पंपवाला

कर्ज ८० लाखच ठेवायचं असेल तर महिन्याला लाख-सव्वालाख लिटरच्या खाली हात घालू नका, आणि त्यातही पेट्रोल चाळीस टक्के हवं, कारण कमिशन त्यालाच जास्त. आधी चोपडा आणि यावल दोन्ही बाजूंच्या जुन्या पंपांची खरी विक्री काढा. टँकरच्या ड्रायव्हरला विचारलं तर आठवड्याला किती गाड्या उतरतात ते तो सांगतो. २०१८ मध्ये सरकारी कंपन्यांनी देशभर पन्नास हजारांहून जास्त नव्या जागांची जाहिरात काढली होती, तेव्हा तुमच्या रस्त्यावर अजून कुणाला पत्र आलंय का तेही बघा. पंप वाढतात, गाड्या तेवढ्याच. रस्ता पुढे चौपदरी झाला आणि मध्ये दुभाजक आला तर पलीकडची अर्धी गाडी तुमच्याकडे वळणार नाही, म्हणून बांधकाम खात्यात नकाशा पाहून या. पत्राची मुदत किती आहे? ती संपायच्या आत हे आकडे इथे टाका, मी माझ्या वहीवरून बसून ताडून देतो. तोवर केळीला हात लावू नका.

नवापूरकर

दादा, बठ्ठा इचार करीसनच सही कर. आकडे आले की मलाही सांग, माझ्या मेव्हण्याला तळोद्याजवळ असंच पत्र आलंय.