दोन केमोंच्या मधले दिवस : आईवडिलांच्या आजारपणातले आपले अनुभव

सदाफुली :

गेल्या आठवड्यात कार्यालयातील एका तरुण सहकाऱ्याने जेवणाच्या सुट्टीत मला बाजूला बोलावले. त्याच्या आईची पहिली केमो नुकतीच झाली होती, फोडणीचा वास आला की तिला उमासे येत होते, आणि घरात आता स्वयंपाक करायचा तरी कसा, असा त्याचा प्रश्न होता. औषधांची नावे, गाठीचा आकार, पुढील तपासण्यांच्या तारखा हे सारे त्याला पाठ होते. पण हा प्रश्न एवढ्या मोठ्या डॉक्टरांना कसा विचारावा, याचा त्याला संकोच वाटत होता. त्याच्याशी बोलता बोलता माझ्या आईच्या उपचारांचे ते वर्ष मला पुन्हा आठवू लागले, म्हणून हा धागा.

आईला स्तनाचा कर्करोग होता. शस्त्रक्रियेनंतर दर तीन आठवड्यांनी केमो ठरली. सुरुवातीच्या पाळ्यांत जे लाल रंगाचे औषध देतात, त्यानंतर एक-दोन दिवस लघवीही लालसर होते, हे परिचारिकेने आधीच सांगून ठेवल्यामुळे आमच्याकडे कोणी घाबरले नाही. रुग्णालयातील दिवस तसा सोपाच असे, कारण तेथे सलाईन लावणारे, नाडी पाहणारे, विचारपूस करणारे कोणी ना कोणी असते. खरी कसोटी तिसऱ्या-चौथ्या दिवशी लागायची, जेव्हा मळमळीच्या गोळ्यांमुळे बद्धकोष्ठ झालेला असे, तोंडाला धातूची चव असे, आणि भेटायला येणारा प्रत्येक जण 'खाल्लं पाहिजे हं' असे बजावून जात असे.

आम्ही फोडणी, तळण आणि उदबत्ती काही महिने बंद केली. गरम अन्नाचा वास जास्त येतो, त्यामुळे मुगाचे कढण, मऊ भात, ताजे दही असे पदार्थ कोमट किंवा गार करून थोडे थोडे देत राहिलो. स्टीलच्या चमच्याने धातूची चव वाढते असे आईचे म्हणणे होते, म्हणून लाकडी चमचा आणला. अडचण एवढीच होती, की बरे वाटू लागताच ती स्वतः ओट्यापाशी उभी राहत असे आणि चव कळत नसल्याने आमटीत दोनदा मीठ घालत असे. ती आमटी आम्ही सर्वांनी, रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या बाबांसह, निमूटपणे खाल्ली आहे.

केस दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जातात, हे ठाऊक असूनही उशीवर पहिला पुंजका दिसला तेव्हा ती दिवसभर बोलली नाही. मावशीने केसांचा टोप सुचवला, तो उन्हाळ्यात टोचू लागला. शेवटी नातवाची क्रिकेटची टोपी तिला मानवली. ज्या बाजूची शस्त्रक्रिया झाली त्या हाताला सूज येऊ शकते, म्हणून तेथे रक्तदाब मोजू नये व सुई टोचू नये, असे आम्हाला सांगितले होते. पुढे कोणत्याही प्रयोगशाळेत गेल्यावर हे वाक्य आई आमच्याआधी, आणि आमच्यापेक्षा मोठ्या आवाजात, उच्चारत असे.

आपल्या आईवडिलांच्या बाबतीत कोणता त्रास केव्हा सुरू झाला, केव्हा ओसरला आणि घरच्यांनी काय केले, ते कृपया लिहावे. कोणता उपचार घ्यावा हा प्रश्न डॉक्टरांचा आहे, तो येथे नको.

कृष्णाकाठ :

ताई, आपण लिहिलेत ते बरे केले, कारण तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांचे घरचे लोक फारसे लिहीत नाहीत. तंबाखूचा विषय निघतो आणि मग सगळे बोलणे 'आधीच सोडायला हवी होती' या वाक्यावर येऊन थांबते. वडील शेतावर जाताना कमरेला चंची लावून जात, हे साऱ्या गावाला माहीत होते. ते त्यांना पुन्हा ऐकवून कोणाचे भले होणार होते, हे मला आजही कळत नाही.

रेडिएशन सुरू होण्यापूर्वी दंतवैद्याकडे पाठवतात, तेव्हा कुरकुर न करता जावे. किरणोपचारानंतर जबड्याचे हाड लवकर भरून येत नाही, म्हणून खराब दात आधीच काढून जखम भरू देतात. त्यानंतर चेहऱ्याचा साचा बनवतात. जाळीदार प्लॅस्टिकचा तो पत्रा गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर बसवला जातो, आणि पुढे रोज तो घालून रुग्णाला टेबलावर स्थिर ठेवतात. यंत्राखालचा वेळ काही मिनिटांचाच असतो, परंतु वडिलांना कोंडल्यासारखे होई. तंत्रज्ञ मोठा माणुसकीचा होता; तो आत जाताना दर वेळी 'अण्णा, हात वर केलात की लगेच थांबवतो' असे सांगत असे, आणि अण्णांनी हात एकदाही वर केला नाही.

आठवड्यातून पाच दिवस असे सहा आठवडे हे चालते. पहिले दोन आठवडे विशेष काही होत नाही आणि घरचे लोक निश्चिंत होतात. त्यानंतर तोंड आतून सोलवटते, लाळ दाट होते, थुंकी गिळणेही नकोसे होते. एक ग्लास कोमट पाण्यात पाव चमचा मीठ आणि पाव चमचा खाण्याचा सोडा घालून त्या गुळण्या दिवसातून अनेकदा करायला सांगितल्या होत्या. बाजारातील झोंबणारे माउथवॉश मात्र वर्ज्य होते. नाकातून नळी घालावी लागेल असे म्हटल्यावर आमच्याकडे रडारड झाली, कारण नळी म्हणजे शेवट, असा समज होता. प्रत्यक्षात त्या नळीनेच त्यांचे वजन राखले. वजन फार घटले तर साचा सैल पडतो आणि नवा करावा लागतो, हे कळल्यावर आईने नळीतून द्यायच्या पातळ पेजेकडे व दुधाकडे ज्या निष्ठेने लक्ष दिले, तेवढे तिने कोणत्या व्रताकडेही दिले नसेल.

उपचार संपल्यानंतर तोंड कमी उघडू लागते, त्यासाठी व्यायाम असतो. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांमध्ये धरायच्या आणि हळूहळू एकेक वाढवायची. अण्णा त्याला 'माझी शिडी' म्हणत. भाकरी कुस्करून खाण्याइतपत तोंड आता उघडते. तांबडा रस्सा मात्र कायमचा सुटला, याचे दुःख ते अजून बोलून दाखवतात.

वऱ्हाडी पाहुणा :

एकच सांगतो, कारण दवाखान्याच्या रांगेत उभा राहून लिहीत आहे. घरात चांगला थर्मामीटर असू द्या. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात, आणि त्या काळात ताप १००.४ अंशांवर गेला, तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहायची नसते. रात्र असली तरी रुग्णालयात जायचे असते. बाबांना पेशी वाढवणारे इंजेक्शन दिले, की कंबर आणि मांड्यांची हाडे ठणकत. ती दुखणी त्या औषधामुळे आहेत हे कळेपर्यंत रोग हाडांत गेला की काय, या भीतीने आईने जेवण सोडले होते.

टोरांटोकर :

वडील रत्नागिरीस, मोठ्या आतड्याचा कर्करोग, औषध ऑक्झॅलिप्लॅटिन. ज्यांना हे औषध मिळाले आहे त्यांना पुढचे सांगायला नकोच. गार पाण्यात हात घातला की बोटांना झिणझिण्या येतात आणि फ्रीजमधले पाणी प्यायले की घशात काटे टोचतात. कोकणातील मे महिन्यात बाबा हातमोजे घालून फ्रीज उघडत, याचे शेजाऱ्यांना भारी नवल वाटे. 'तू तिकडे सहा महिने काय सोसतोस ते मला आता समजले,' असे ते मला फोनवर म्हणाले होते.

दूर राहणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे, की रोज रात्री फोन करून 'आज काय खाल्ले' असे विचारण्यापेक्षा एखादे काम अंगावर घ्यावे. मी रक्ताच्या तपासण्यांचे अहवाल, विम्याची कागदपत्रे आणि पुढच्या भेटींच्या वेळा सांभाळल्या. त्यामुळे वहिनीवरचा निम्मा नाही तरी पाव भार हलका झाला असावा. अर्थात ते तिलाच विचारायला हवे.

गोदातीर :

आमच्याकडे नांदेडहून परळला जायचे होते. परभणी काय, हिंगोली काय, मराठवाड्यात 'टाटाला नेलंय' एवढे म्हटले की पुढचे कोणी विचारत नाही, त्यामुळे आईपासून आजार लपवण्याचा काकांचा बेत स्थानकावरील हमालानेच हाणून पाडला. 'टाटाला का, आजी? होतंय बरं,' असे तो सहज म्हणाला. आईला ते आधीपासूनच माहीत होते, आणि आम्हाला वाईट वाटू नये म्हणून ती गप्प होती, हे नंतर उघड झाले.

काही व्यवहाराच्या गोष्टी लिहून ठेवतो. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला रेल्वेत शयनयान आणि तृतीय वातानुकूलित वर्गाचे भाडे पूर्ण माफ असते, सोबतच्या एका व्यक्तीला पंचाहत्तर टक्के सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाकडून ठरलेल्या नमुन्यातील दाखला घ्यावा लागतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी शिधापत्रिका आणि आधार यांवरील नाव एकसारखे आहे ना, हे गाव सोडण्यापूर्वी पाहावे; योजनेतील रुग्णालयांत आरोग्यमित्र बसतात, त्यांना आधी गाठावे. आमच्या आईचे नाव एका कागदावर माहेरचे होते आणि त्यापायी आमची धावाधाव झाली.

राहण्यासाठी दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, पण जागेसाठी थांबावे लागते. तेथे आम्हाला जे शिक्षण मिळाले ते कोठेही मिळाले नसते. शेजारच्या खाटेवरच्या सोलापूरच्या बाईंनी आईला केमोच्या आदल्या दिवशी भरपूर पाणी पिण्यापासून तोंड आले तर काय खावे इथपर्यंत सर्व शिकवले, आणि त्या बदल्यात आईने त्यांच्या मुलाला शेंगदाण्याची चटणी कुटून दिली.

अबोली :

मी जे लिहिणार आहे ते आमच्या घरात कोणी उच्चारत नाही. सासूबाईंना गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग होता. ओटीपोटावर किरणोपचार सुरू झाले, की काही आठवड्यांनी जुलाब होतात, लघवीला जळजळ होते, आणि त्यानंतर आतून देण्याचा जो किरणांचा शेक असतो, त्यासाठी भूल देऊन आत नळ्या बसवतात. हे सर्व डॉक्टर माझ्या नवऱ्याला सांगत होते, कारण फाईलवर त्याचे नाव होते. आईंनी स्वतःच्या मुलाला यातील एकही त्रास सांगितला नाही. तो रोज विचारायचा, त्या रोज 'बरं आहे' म्हणायच्या, आणि तो समाधानाने कामावर जायचा.

आमचे दोघींचे त्याआधी फारसे पटत नव्हते, हे मोकळेपणाने सांगते. पण दिवसातून किती वेळा परसाकडे जावे लागले, रक्त दिसले का, हे प्रश्न मी विचारू लागले आणि त्या उत्तरे देऊ लागल्या. मग मी त्या नोंदी घेऊन स्वतः बाह्यरुग्ण विभागात गेले, आणि औषध बदलून मिळाले. यंत्रावर जाण्यापूर्वी पाणी पिऊन लघवी धरून ठेवावी लागते, म्हणजे भरलेल्या मूत्राशयामुळे आतडे किरणांच्या वाटेतून बाजूला राहते. आईंना ते अतिशय कठीण जाई आणि त्या रांगेत उभ्या राहून माझा दंड घट्ट धरत. ज्यांच्या घरी रुग्ण आई आहे आणि धावपळ करणारा मुलगा आहे, त्यांनी एखादी बाई मध्ये आहे ना, हे जरूर पाहावे. नसेल तर परिचारिकेला तसे सांगावे. त्या समजून घेतात.

औषधविक्रेता :

सदाफुलीताई, आपले टोपणनाव पाहून राहवले नाही. रक्ताच्या व लसीकाग्रंथींच्या कर्करोगात वापरले जाणारे व्हिन्क्रिस्टीन हे औषध याच झाडात सापडले, परंतु झाडात ते अत्यल्प असते आणि झाड स्वतः विषारी आहे. माझ्या दुकानात महिन्यातून एक तरी गृहस्थ येतात, ज्यांनी वडिलांना सदाफुलीची पाने वाटून दिलेली असतात किंवा गव्हांकुराचा कच्चा रस सुरू केलेला असतो. पेशी उतरलेल्या असताना कच्च्या रसाने संसर्ग होऊ शकतो. सल्ला देणारे नातेवाईक मायेपोटी देतात, त्यामुळे त्यांना थेट नाही म्हणवत नाही. आमच्याकडे 'डॉक्टरांना विचारून सांगतो' या वाक्याने बरेच नातेसंबंध वाचले आहेत.

सदाफुली :

नाव कुंडीवरून घेतले आहे, पाने कोणीही खाऊ नयेत! आमच्या एका आत्याबाईंनी गोमूत्राची बाटली पाठवली होती. आईने ती श्रद्धेने स्वीकारली आणि तेवढ्याच श्रद्धेने तुळशीच्या वृंदावनात रिकामी केली.

मधुमालती :

आईला आधीपासून मधुमेह आहे. केमोसोबत जे स्टेरॉइड देतात, त्याने साखर तीन-चार दिवस भलतीच चढते आणि झोप उडते. रात्री दोन वाजता आमच्या मातोश्री कपाटे आवरत असत. घर इतके टापटीप आधी कधीच नव्हते आणि नंतरही झाले नाही. मधुमेहाच्या डॉक्टरांना केमोच्या तारखा आधी कळवल्यावर त्यांनी त्या दिवसांपुरते इन्सुलिन बदलून दिले.

माणदेशी :

माझे बाबा वाचले नाहीत, तरीही लिहितो, कारण शेवटच्या महिन्यांतील वेदना हाही उपचारांचाच भाग आहे. मॉर्फिनचे नाव काढताच थोरल्या भावाने 'व्यसन लागेल' म्हणून विरोध केला होता. वेदनाशमन विभागातील डॉक्टरांनी त्याला बसवून समजावले, की दुखण्यासाठी मोजून दिलेल्या गोळीने असे सहसा होत नाही, ती घड्याळ पाहून द्यायची असते, दुखणे असह्य होईपर्यंत थांबायचे नसते, आणि तिच्यासोबत पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासून घ्यायचे असते. त्यानंतर बाबा रात्री झोपू लागले, आणि जाग आली की उसाचे बिल आले का, हे विचारू लागले. तो विभाग आम्हाला फार उशिरा दाखवला गेला. आपण मात्र पहिल्या महिन्यातच त्याची चौकशी करावी.

वऱ्हाडी पाहुणा :

माणदेशी दादा, आपल्या बाबांना नमस्कार. आमचा नंबर आत्ताच लागला. पेशी पुरेशा आहेत, केमो आजच होणार आहे. कृष्णाकाठ, गुळण्यांचे पाणी एकदाच करून दिवसभर ठेवले तर चालते का? आई प्रत्येक वेळी नवे करून दमते.

कृष्णाकाठ :

आमच्याकडे सकाळी उकळून गार केलेल्या पाण्यात करून झाकून ठेवत असू आणि रात्री उरलेले ओतून देत असू. दुसऱ्या दिवशी नवे करावे, आणि तोंडात पांढरे डाग दिसले तर गुळण्यांवर विसंबून न राहता डॉक्टरांना दाखवावे, कारण ती बुरशी असू शकते व तिचे औषध वेगळे असते.