मदत हवी आहे: एमआरआयचा रिपोर्ट लिहिणारा रेडिओलॉजिस्ट इन-नेटवर्क (विमा कंपनीशी करार असलेला) आहे का, हे आधी कसं कळेल?

अमेरिकेतल्या मंडळींनो, गुडघ्याचा एमआरआय स्वतंत्र इमेजिंग सेंटरला करायचाय. सेंटर इन-नेटवर्क आहे, पण रिपोर्टचं बिल वेगळं येऊ शकतं: ७३७२१ या बिलिंग कोडला (पायाच्या सांध्याचा एमआरआय) २६ मॉडिफायर (फक्त डॉक्टरच्या कामाचं शुल्क) लावून. इन-नेटवर्क हॉस्पिटलात २०२२ पासून नेटवर्कबाहेरच्या डॉक्टरच्या अनपेक्षित बिलापासून नो सरप्रायझेस कायद्याचं संरक्षण आहे. स्वतंत्र सेंटरला ते सहसा मिळत नाही, खरी मेख तिथेच.

डॉक्टरचं बोर्ड सर्टिफिकेशन एबीआरच्या (अमेरिकन बोर्ड ऑफ रेडिओलॉजी) साइटवर दिसतं, १० आकडी एनपीआयही (डॉक्टरचा राष्ट्रीय ओळख क्रमांक) सापडतो. पण विम्याचा करार बहुधा रेडिओलॉजिस्टच्या ग्रुपच्या टॅक्स आयडीवर (करासाठीचा ओळख क्रमांक) असतो, म्हणून नुसत्या डॉक्टरच्या नावावर मिळालेलं ‘हो’ पुरत नाही.

तो टॅक्स आयडी सेंटरकडून कुणी मिळवलाय का? बिलिंगवाल्यांना नेमकं काय विचारायचं? पुढे क्लेम नाकारला, तर विमा कंपनीच्या कॉलचा रेफरन्स नंबर अपिलात चालतो का?