मदत हवी आहे: बंद केलेला बल्ब रात्री मिणमिणतो आणि घरच्यांनी करणी ठरवली आहे

नमस्कार. इथे वायरिंगमधले जाणकारही आहेत आणि अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम केलेलेही. मला दोघांचीही गरज आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात. घर जुनं, वायरिंग बाबांनी जमेल तसं टप्प्याटप्प्यानं करून घेतलेलं. बाबा चैत्रात गेले. तेव्हापासून त्यांच्या खोलीतला बल्ब बटण बंद केल्यावरही अंधारात मंद पेटलेला दिसतो. दाराची रिमोटवाली बेल कधी कधी मध्यरात्री आपोआप वाजते. आणि फ्रीजच्या दाराला हात लावला की आईच्या बोटांना झिणझिण्या येतात. पाय ओले असले तर जास्तच.

सुरुवातीला आई म्हणायची, हेच येऊन बसतात. तिला त्याची भीती नव्हती. ती त्या खोलीतच झोपायला लागली होती. मग मामांनी शेजारच्या गावातून एक देवऋषी आणला. त्यानं मीटरच्या बोर्डावर गोमूत्र शिंपडलं, लिंबू बांधलं, अंगारा दिला आणि सांगितलं, "भावकीतल्या बाईचं काम आहे, तिच्या दारात उंबर आहे." आमच्या भावकीत दारात उंबर असलेलं घर एकच, काकूंचं.

बाबांच्या आजारपणात रात्र रात्र जागलेल्या त्या काकू. आता आई त्यांच्या घरचं पाणीही घेत नाही. येत्या अमावास्येला उतारा ठरलाय, साहित्याचे म्हणून ११,००० रुपये मागितलेत, आणि त्या वेळी काकूंना समोर बसवून "कबूल करून घेणार" म्हणे. मला सगळ्यात जास्त भीती याची वाटते. मी पुण्यात असते, दादा कराडला. घरी आई आणि मामाच.

माझा अंदाज असा: बाबा गेल्यावर घरात माणसांची वर्दळ होती, म्हणून दादानं सगळे जुने पिवळे बल्ब काढून एलईडी लावले. पिवळा बल्ब उजळायला बराच करंट लागतो, एलईडी अगदी थोड्यावरही मिणमिणतो. म्हणजे वायरिंगमधला दोष आधीपासूनच असणार, तो दिसायला लागला बाबा गेल्यानंतर. हे बरोबर आहे का? बेलचं काय असेल?

दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे. आईला हे कसं सांगू? वायर बदलली की तो उजेडही जाणार, आणि त्या उजेडाकडे बघत तिला झोप लागायची. बाबांचं वर्षश्राद्ध आम्ही मनापासून करणार आहोत, तिच्या श्रद्धेला मला धक्का लावायचा नाही. पण काकूंवरचा आळ मला एक दिवसही सहन होत नाही.

प्रतिसाद (वायरमन)

ताई, आधी फ्रीज. बल्ब आणि बेल थांबू शकतात, फ्रीज थांबू शकत नाही. झिणझिण्या येतात म्हणजे पत्र्यावर करंट उतरतोय आणि त्याला जमिनीत जायला वाट नाही. जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण अर्थिंगची वायर मागे कुठेच जोडलेली नसते. आजच आईंना फोन करा. कोरडी चप्पल घालून बोर्डावरचं बटण बंद करायचं, मग प्लग काढायचा, आणि तपासणी होईपर्यंत फ्रीज लावायचा नाही. अर्थिंग करून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवा. नुसत्या एमसीबीवर (जास्त लोड आला की पडणारा नेहमीचा स्विच) भरवसा ठेवू नका, एवढ्याशा गळतीला तो पडत नाही. आणि बोर्डावर पाणी, गोमूत्र काहीही शिंपडू देऊ नका, त्यातून करंट वाहतो.

बल्बबद्दल तुमचा अंदाज मला पटतो. बहुतेक बटण फेजऐवजी (वीज आणणारी वायर) न्यूट्रलवर (वीज परत नेणारी वायर) बसवलंय. मग बटण बंद असूनही होल्डरपर्यंत २३० व्होल्ट पोचलेले असतात, आणि बल्ब बदलताना बटण बंद आहे या विश्वासावर हात घालणारा झटका खातो. वायरमनकडून मेन बंद करून फेज बटणावर घ्या. त्यानंतरही मिणमिणला तर लांबवर शेजारी शेजारी गेलेल्या वायरींमुळे थोडा करंट उतरत असेल, किंवा बटणात बारीक लाल दिवा असेल तर त्यातून. त्यावरही साधे उपाय आहेत.

रिमोटच्या स्वस्त बेल बऱ्याचदा ४३३ मेगाहर्ट्झवर चालतात. गल्लीत दुसऱ्याची तशीच बेल असेल तर तिच्या बटणानं तुमची वाजू शकते. पावसाळ्यात बटणात ओल शिरली तरीही वाजते. रात्री बटणातली बॅटरी काढून ठेवा. तरी वाजली तर सिग्नल बाहेरून येतोय. बेलचं कोडिंग बदलून घ्या.

प्रतिसाद

मी अंनिसचं (अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं) काम पाहिलं आहे. अमावास्येची वाट पाहू नका. तिचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, आणि ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झटले तो त्याच वर्षी आला. एखादी व्यक्ती करणी करते असं जाहीर करून तिच्याबद्दल संशय निर्माण करणं हा त्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा आहे. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षं, दंड ५,००० ते ५०,००० रुपये, आणि गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र. पोलीस ठाण्यात यासाठी दक्षता अधिकारी असतो. गुन्हा घडण्याआधी तो रोखणं हेही त्याचं काम आहे. "अमुक दिवशी अमुक ठिकाणी असं होणार आहे" असा लेखी अर्ज द्या. मामांना हे घरातच, शांतपणे, पण स्पष्ट सांगा. अशा गोष्टीला साथ देणाराही सुटत नाही.

आईंना मात्र कायदा सांगू नका. बाबा येतात की नाही यावर वाद घालायचीही गरज नाही. वाद फक्त काकूंबद्दल आहे, तेवढाच मिटवा. बाबांच्या खोलीत रात्रीचा छोटा दिवा लावून द्या, आईंना अंधारात झोपायला लावू नका.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. आईला फोन केला. शेजारच्या मुलानं बटण बंद करून फ्रीजचा प्लग काढला आहे. दादा रविवारी वायरमनला घेऊन जातोय, अर्ज मी उद्याच देते.

आता एकच विचारायचं आहे. वायरमन फेज बदलेल तेव्हा काकूंना तिथे बोलवावं का? त्यांच्यासमोर आईनं डोळ्यांनी पाहिलं तर दोघींमधलं अंतर मिटेल असं मला वाटतं. दादा म्हणतो, आधी आई एकटीच पाहू दे, तिला चारचौघांत खाली बघायला लावू नको. कुणाच्या घरात असं झालं असेल तर कृपया सांगा, तुम्ही आधी काय केलंत?