म्युझियमात फोटो काढणारे सगळे उथळ कसे काय?

तापीकाठ (शहादा): काल इथे कोणीतरी लिहिलं की म्युझियमच्या दारातच मोबाईल जमा करून घ्या, लोकांना मूर्त्यांचं काही पडलेलं नसतं, नुसते सेल्फी. डोकंच फिरलं वाचून. आमच्या प्रकाशा गावात १९५५ ला उत्खनन झालं, ताम्रपाषाण काळातली, म्हणजे तांब्याची आणि दगडाची हत्यारं वापरायचे तेव्हाची, खापरं निघाली. तसल्याच लालवर काळी नक्षी असलेल्या खापराचा फोटो मी एका म्युझियमात काढला आणि आजीला दाखवला. स्क्रीन मोठी करून करून बघत होती, म्हणे असे तुकडे आम्ही नदीकाठी खेळायला घ्यायचो. ८४ वर्षांच्या बाईने ते बघायला एसटीने कुठे जायचं होतं?

चाळीसगावचा मास्तर: ती पोस्ट माझीच. साठ पोरं घेऊन सहलीला गेलो होतो, फोटोच्या नादात एकाने काचेच्या पेटीवर कोपर टेकवलं, पेटी हलली आणि आतली मातीची मूर्ती आडवी झाली. बोलणी मी खाल्ली. गाडीत विचारलं काय पाहिलं, तर एकाला सांगता येईना. आणि फ्लॅश! दगडाला काही होत नाही, मान्य, पण पोथीचा, कापडाचा उडालेला रंग परत येतो का?

जळगाव-अजिंठा रोड: फ्लॅश बंदच पाहिजे, त्यात वाद नाही. पण सर, अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यात रॉबर्ट गिल या इंग्रज चित्रकाराची वर्षंच्या वर्षं गेली आणि त्यातल्या बहुतेक १८६६ ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेस या प्रदर्शनाच्या इमारतीला लागलेल्या आगीत जळाल्या. एकाच ठिकाणी होत्या म्हणून. आज हजार मोबाईलमध्ये फोटो आहेत ते बरंच आहे ना?

चाळीसगावचा मास्तर: नंतरच्या नकलाकारांनी चित्रं नीट दिसावी म्हणून वर वार्निश फासलं, ते पिवळं पडलं, हेही सांगा की. नकलेच्या हौसेपायीच अस्सल चित्रं खराब झाली.

गिरणेचं पाणी: फोटोचं काय घेऊन बसले भो! आपल्या चाळीसगाव तालुक्यात पाटण्याला शहामृगाच्या अंड्याच्या कवचावर कोरलेली नक्षी सापडली, सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीची. बहाळला उत्खनन झालं. तालुक्यातल्या किती पोरांना माहीत आहे? वस्तू निघतात आपल्या मातीतून, आपण मात्र फोटो बघून राहिलो. त्या इथेच तालुक्याला ठेवायला पाहिजे. दायमाबादचा ब्राँझचा रथसुद्धा...

अमळनेरकर: दायमाबाद नगर जिल्ह्यात आहे, प्रवरेकाठी. काहीही आपलं म्हणू नका.

गिरणेचं पाणी: माहितीये. पण तिथल्या सगळ्यात खालच्या थराच्या संस्कृतीला सावळदा म्हणतात, ते नाव आपल्या तापीकाठच्या गावावरून पडलं. आधी वाचा मग बोला.

अमळनेरकर: वाचलंय. पण या वस्तू तालुक्याला आणून ठेवणार कुठे, पावसात गळणाऱ्या खोलीत? आणि धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून आहे, तिथे जुन्या वस्तूंचा संग्रह आहे, तुम्ही शेवटचे कधी गेलात?

गिरणेचं पाणी: शाळेत असताना. ठीक आहे, या रविवारी जातो. पण वस्तू इथेच पाहिजे, हे मी सोडणार नाही.

चाळीसगावचा मास्तर: शहाद्याच्या आजीपुढे मी काय बोलू. पुढच्या सहलीला पहिला अर्धा तास मोबाईल दप्तरात, मग फोटो, तेही काचेपासून हातभर लांबून. याच्यापुढे मी सरकणार नाही.

तापीकाठ (शहादा): चालेल सर. फक्त पोरांना सांगा, वस्तूसोबत खालच्या पाटीचाही फोटो काढा. मी नव्हता काढला. आजी अजून विचारते, हे खापर कुठल्या गावचं, आणि मला सांगता येत नाही.