काणकोणचं घर, गेलेली लाईट आणि दोन रात्रींचे पैसे: परत मागितले तर चुकलं का?

म्हापसेकरीण
नमस्कार मंडळी, जुलैत आम्ही काणकोणला आगोंदच्या बाजूला एक घर घेतलं होतं, तीन रात्री, ६,५०० रुपये रात्र म्हणजे १९,५००. पुण्याहून बहीण-भावोजी आलेले, आईपण बरोबर. आईला दम्यामुळे रात्री नेब्युलायझर लागतो म्हणून बुक करायच्या आधीच मी व्हॉट्सॲपवर विचारलं होतं, लाईट गेली तर बॅकअप आहे ना, कारणसुद्धा लिहिलं होतं. उत्तर आलं "होय मॅडम, फुल बॅकअप". त्या भरवशावर निम्मे पैसे यूपीआयने पाठवले, उरलेले तिथे पोचल्यावर दिले.

पहिल्याच रात्री साडेनऊला लाईट गेली. इन्व्हर्टर वीसेक मिनिटं चालला आणि टीं टीं करत बंद पडला. केअरटेकर पोरगा धावत आला बिचारा, टॉर्च धरून बघितलं तर बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी पूड साचलेली, आतलं पाणी पार तळाला. पंप बंद म्हणून नळाला पाणी नाही, भावोजींनी विहिरीतून चार बादल्या शेंदल्या. आईने इनहेलर आणि स्पेसरवर कशीबशी रात्र काढली, आडवीच झाली नाही, खुर्चीत बसून होती. सकाळी नऊला निघालो. राहिलेल्या दोन रात्रींचे १३,००० मागितले तर मालक म्हणतात बुकिंग नॉन-रिफंडेबल आहे, दिवाळीनंतर या, ॲडजस्ट करतो. मला ॲडजस्ट नको, पैसे हवेत. सांगा, जास्त मागतेय का मी?

साळगावचा घरवाला
ताई, आईंचे हाल झाले ते वाईटच, त्यात वादच नाही. पण मी स्वतः दोन खोल्या पाहुण्यांना देतो म्हणून दुसरी बाजू सांगतो. पावसात काणकोणात लाईट जाते हे म्हापशातल्या माणसाला वेगळं सांगायला हवं का? माडाचं झाप वायरवर पडलं की लाईनमन येईपर्यंत रात्र जाते, त्यात घरवाल्याचा काय दोष. आणि तुम्ही सकाळी नऊला निघालात, बॅटरी बदलायला वेळ दिलात का? आम्हाला पावसाळ्यात मिळतात तेच चार वीकेंड, ऐनवेळी रिकामी झालेली खोली कोण घेणार? केअरटेकरचा पगार, चादरींची धुलाई काही थांबत नाही. एक रात्र परत द्यावी, दोन मागणं मला पटत नाही.

म्हापसेकरीण
दादा, लाईट जाते हे माहीत आहे म्हणूनच तर आधी विचारलं ना! लाईट गेली याबद्दल मी एक पैसा मागत नाहीये. रात्री दहापासून मालकांना तीन फोन केले, उचलले नाहीत. सकाळी साडेसातला मेसेज आला, लाईट आली की चार्ज होईल. बॅटरी बदलतो असं एका शब्दाने म्हणाले असते तर आम्ही दुपारपर्यंत थांबलो असतो.

डिचोलीचा वकील
लाईट गेली हा मुद्दाच नाही, बॅकअप आहे असं सांगून पैसे घेतले आणि बॅकअप निघाला नाही हा मुद्दा आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये याला सेवेतली त्रुटी म्हणतात, तेवढंच धरून ठेवा. नॉन-रिफंडेबलची अटच अन्यायकारक आहे असं भांडायला गेलात तर ते प्रकरण राज्य ग्राहक आयोगाकडे जातं, जिल्हा ग्राहक आयोगाला तो अधिकार नाही, तिकडे वळू नका. नव्या कायद्यात तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते, म्हणजे घर दक्षिण गोव्यात असलं तरी तुम्हाला उत्तर गोव्यातच, मडगावला खेपा नकोत. ग्राहक तक्रारींच्या ई-जागृती पोर्टलवरून भरता येते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत २ वर्षं. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघा, बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. आणि कृपा करून ते चॅट डिलीट करू नका, फोन बदललात तरी जुना जपून ठेवा. सगळा दावा त्या "फुल बॅकअप" वर उभा आहे.

पर्वरीकर
एवढं कशाला, घर टुरिझम खात्याकडे रजिस्टर आहे का ते विचारा. गोव्याच्या १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याप्रमाणे पाहुण्यांना भाड्याने द्यायचं तर नोंदणी लागते. नसेल तर तक्रार करतो म्हणा, संध्याकाळच्या आत पैसे येतील.

मडगावची
हे मला अजिबात आवडलं नाही. नोंदणी नसेल तर तक्रार जरूर करा, ती करायलाच हवी, पण पैसे दिले तर गप्प बसतो असा सौदा करायचा म्हणजे दमदाटीच झाली, आणि उद्या आयोगासमोर तोच मेसेज तुमच्यावर उलटेल. ताई, तुम्ही एक साधी गोष्ट विचारा त्यांना, त्या दोन रात्री घर दुसऱ्या कोणाला दिलं का? दिलं असेल तर त्यांचं नुकसान कसलं?

साळगावचा घरवाला
हा प्रश्न बरोबर आहे. दिलं असेल तर सगळे पैसे परत, त्यात मी पण तुमच्या बाजूने. नसेल दिलं तर मात्र अर्धं अर्धं.

पर्वरीकर
अर्धं का म्हणून? आपण दुकानातून बिघडलेला मिक्सर आणला तर दुकानदार अर्धे पैसे ठेवून घेतो का?

साळगावचा घरवाला
मिक्सर परत शेल्फवर ठेवून विकता येतो हो, शनिवारची रात्र गेली ती गेली.

म्हापसेकरीण
काल सगळं लिहून पाठवलं, चॅटचे फोटो, बॅटरीचा फोटो, तीन कॉलची वेळ, आणि १५ दिवसांची मुदत. नोंदणीचा विषय काढला नाही. रात्री मालकांचा स्वतःहून फोन आला. शनिवारी मडगावचं एक कुटुंब ४,००० ला राहून गेलं हे त्यांनीच सांगितलं, शुक्रवार रिकामा गेला. बॅटरी चार वर्षांची होती, केअरटेकरने दोनदा सांगितलं होतं हेही कबूल केलं. १०,००० आज सकाळी आले, मी हो म्हटलं. आईला सांगितलं तर ती म्हणाली त्या पोराला काही दिलंस का. द्यायचं राहिलं होतं, आता त्याचा नंबर मागवलाय.

पर्वरीकर
३,००० सोडायला नको होते.

साळगावचा घरवाला
मला अजूनही १०,००० थोडे जास्तच वाटतात. पण आज सकाळी माझा इन्व्हर्टर उघडून बघितला, दोन खणांत पाणी कमी होतं, भरलं. लिस्टिंगमधला पॉवर बॅकअप शब्द काढून लिहिलं: चार पंखे, सहा दिवे, तीन तास, पंप आणि एसी नाही.