मायनर घ्यावा की सर्टिफिकेट?

ताई, रत्नागिरीत बी.ए. करणाऱ्या मुलीने पर्यावरणाचा मायनर (मुख्य विषयासोबतचा दुय्यम विषय) घ्यावा की माध्यमांचं सर्टिफिकेट, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते मायनर पर्यावरणाचा घ्यावा आणि कॅमेऱ्याचं काम छोट्या कोर्समधून शिकावं.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीत मायनरला २४ श्रेयांक (क्रेडिट) आहेत. विद्यापीठागणिक आकडा थोडा बदलतो. थिअरीचा १ श्रेयांक म्हणजे १५ तास, प्रात्यक्षिकाचा ३०. घोळ होतो तो ‘सर्टिफिकेट’ या शब्दाने. पहिल्या वर्षानंतर ४० श्रेयांक आणि ४ श्रेयांकांचा व्यावसायिक कोर्स करून बाहेर पडणाऱ्याला मिळतं ते वेगळं, आणि तीन महिन्यांच्या सुट्या कोर्सचं वेगळं. सुट्याचे श्रेयांक तिच्या एबीसी खात्यात (श्रेयांक साठवणाऱ्या ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये) जमा होणार का, हे फी भरण्याआधी लेखी विचारा. नुसतं ‘हो, होतील’ ऐकून पैसे भरू नका.

चित्रीकरणाच्या प्रकल्पाला रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास किनाऱ्यावरची कासवं छान विषय. पण तिथल्या ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवाचं अंडं फुटायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात, त्यामुळे मार्चमध्ये पिल्लं टिपायची तर जानेवारीतल्या घरट्याची नोंद हवी. वनखात्याची परवानगी आधी काढा. फ्लॅश अजिबात नको, पिल्लं उजेडाकडे वळतात आणि समुद्राची वाट चुकतात. किनाऱ्यावरच्या वाऱ्याने आवाज हमखास फुकट जातो; माइकला केसाळ टोपी घाला आणि मुलाखत सुरूच्या बनाच्या आडोशाला घ्या.